उतरायचं नाव न घेणारं विमान

"पंख एवढा जाड केला ना, तर विमान उतरायचं नाव घेणार नाही." नवऱ्याने हे आधीच सांगितलं होतं. बायको तेव्हा लेकीच्या, म्हणजे ठकीच्या, दुधाच्या बाटल्या उकळत होती. मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "वर गेलेली प्रत्येक गोष्ट खाली येते. मी बी.एस्सी. आहे."

नवऱ्याला रिमोटच्या विमानांच्या कसरतींच्या स्पर्धेत भाग घ्यायचा होता. त्यासाठी त्याने पातळ पंखाचं, सुसाट विमान बांधायला घेतलं होतं. पण ठकीची आई म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यांना मोजे घालणारी बाई. तिने विचारलं, "हे हळू उडवलं तर काय होतं?"

"एका बाजूला कलंडून कोसळतं."

"कोणावर?"

जाड पंख मात्र हळू उडतानाही विमानाला तोलून धरतो आणि खाली झेपावतानाही वेग आवरतो, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. तिथेच तो फसला.

"मग जाड कर."

त्याने केला. तिने बोटाने दाबून पाहिला. "अजून थोडा." असं करत करत पंख गादीएवढा झाला आणि फोम संपला. मधे एक पोकळी राहिली होती. सासूबाई "एवढंच ना?" म्हणत आतून काहीतरी घेऊन आल्या आणि त्यांनी ते तिथे ठासून बसवलं. नवऱ्याने न बघताच वरून चकचकीत कागद ताणला आणि इस्त्री फिरवून चिकटवला.

सुट्टीच्या दिवशी सगळे मैदानावर गेले. विमानाने झेप वगैरे घेतली नाही. सासूबाई वामकुक्षीतून उठतात तसं ते उठलं. नवऱ्याने गिरकीसाठी झटका दिला. विमानाने जरा विचार केला आणि नुसती मान डोलावली.

"बघ, किती समजूतदार आहे!" ती खूश झाली.

तेवढ्यात ठकी पेंगुळली. ठकी पेंगुळली की घरात आणीबाणी लागते. बदकाच्या उशीशिवाय ती झोपत नाही, आणि ती झोपली नाही तर तिची आईही झोपत नाही. ठकी झाल्यापासून त्या माऊलीने धड झोप अशी पाहिलीच नव्हती. तिने पिशवी उपसली. टोपी निघाली, खुळखुळा निघाला, उशी काही निघेना.

"आई, बदकाची उशी कुठाय?"

सासूबाईंनी आभाळाकडे बोट दाखवलं. "ती काय, पंखात. जुनी झाली होती गं. म्हटलं, कामी येईल."

ठकीने भोंगा लावला.

"अरे, उतरव ते!"

"उतरत नाहीये!"

"मग नाक खाली कर!"

"नाक खालीच आहे!"

खरंच होतं. पण वारा सुटला होता, आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून, वाळत घातलेल्या चादरीसारखं जागच्या जागी हेलकावत होतं. मोटर बंद केली तर ते उलटं चालायला लागलं.

"मी सांगितलं होतं..."

"सांगू नकोस, उतरव!"

"बॅटरी संपली की माझं ऐकणारही नाही."

"आत्ता कुठे ऐकतंय!"

"ओरडून कोण येतं रे?" सासूबाई म्हणाल्या. "जरा मायेने बोलाव."

नवऱ्याने मोटर चालू केली आणि विमानाला संथ घिरट्या घालायला लावल्या. एक घिरटी, दुसरी... आणि भोंगा बंद झाला. ठकी वर बघत होती. विमानाबरोबर तिचे डोळे फिरले, मग जड झाले, मग मान कलली.

त्याच वेळी वारा पडला आणि विमान अलगद खाली यायला लागलं. नवरा हरखला. "आलं, आलं!"

"येऊ देऊ नकोस!" ती दबक्या आवाजात ओरडली. "वर ने!"

संध्याकाळी पंख फाडून उशी काढली. ठकीने ती भिरकावून दिली आणि छताकडे बोट दाखवलं. स्पर्धा राहिली बाजूला. आता नवरा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत रोज मैदानावर असतो. पंख पुन्हा भरलाय, आधीपेक्षा जाड.

तेव्हा दुपारी कधी त्या बाजूने गेलात आणि आभाळात गादी फिरताना दिसली, तर तिच्या खाली मान वर करून उभ्या असलेल्या माणसाला एवढं विचारा, जेवलास का, मान अवघडली का. त्याच्या बायकोनेच विचारलं असतं हो. पण ती बाकावर, एक हात बाबागाडीच्या दांडीवर ठेवून, बदकाच्या उशीवर गाढ झोपलेली असते.