दोन रविवारांचं टेबल

टेबल दोन रविवारांत होणार होतं. निदान आदिनाथ तरी तसं छातीठोकपणे सांगत होता. त्याची मुलगी सृष्टी तेव्हा नुकतीच नववीत गेली होती आणि तुंगार्लीच्या त्यांच्या छोट्या घरात पलंगावर पालथी पडून अभ्यास करत होती. आदिनाथची बायको सविता एवढंच म्हणाली होती, "अहो, पोरीची पाठ वाकायला लागलीय. बाजारातून एक टेबल आणून टाका."

"बाजारातलं? ते भुशाचं?" आदिनाथने नाक मुरडलं. "लोणावळ्याच्या पावसात पापडासारखं फुगतं ते. मी करतो. सागवानी. दोन रविवारांचं काम!"

आता आदिनाथ काही सुतार नव्हता. उर्से टोलनाक्यावर शिफ्ट सांभाळायचा. पण दिवसभर पुढे निघून जाणाऱ्या गाड्या बघून बघून आपल्या हाताने काहीतरी करावं असं त्याला फार वाटे, आणि मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ पाहून ते आपल्याला येतं असंही वाटू लागलं होतं. एका बंगल्याच्या दुरुस्तीत निघालेल्या सागाच्या फळ्या त्याने आणल्या. त्या पिळलेल्या निघाल्या. हाताने रंधा मारून सरळ करण्यात एक रविवार आणि दोन्ही खांदे गेले, तेव्हा त्याने रंधा मशीन घ्यायचं ठरवलं.

कुरवंड्याच्या रखमाजी आबांच्या गोठ्यात एक जुनं मशीन पडून होतं. दोन लांब लोखंडी पाट, त्यांच्या मधल्या फटीत पात्यांचा रूळ आणि फळी टेकवायला कडेला एक उभी पट्टी. वर कोंबड्या बसल्या होत्या.

"आबा, चालू आहे ना?"

"चालू हाय की. फकस्त फिरत न्हाई," आबा म्हणाले. "लय वर्सं कुनी चालवलंच न्हाई, मग बंद कसं पडंल?"

हे आदिनाथला पटलं. खरं तर घोटाळा इथेच झाला.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन तो गंज काढायला बसला. रविवारी पाट असे चकाकायचे की त्यात बघून भांग पाडावा. पण लोणावळ्याची पावसाळी हवा ती! पुढच्या रविवारपर्यंत पाट पुन्हा तांबडे. अख्खा पावसाळा आदिनाथ गंज काढत राहिला आणि हवा तो परत चढवत राहिली. शेवटी चार गडी बोलावून त्याने मशीन बाहेरच्या खोलीत आणलं. जागा करायला सोफा शेडमध्ये गेला आणि तिथे त्याला बुरशी आली.

"आता टेबल?" सविताने विचारलं.

"आता फक्त मोटर जोडायची."

जोडायला आलेल्या वायरमनने मोटरीवरची पाटी वाचली आणि तो हसू लागला. मोटर थ्री फेजची होती, घरात वीज सिंगल फेजची. मग मोटर बदलणं आलं. मोटर बदलायची तर पुली बदलायला हवी, पुली बदलली की पट्टा आखूड पडणार. पाती धार लावायला पुण्याला गेली आणि तिकडेच रमली.

एका संध्याकाळी आदिनाथ ड्यूटीवरून आला, तर सृष्टी मशीनपाशी स्टूल ओढून बसलेली. पुस्तक उभ्या पट्टीला टेकवलेलं, वही लोखंडी पाटावर, आणि पेनं-पेन्सिली मधल्या फटीत, जिथे पाती असायला हवी होती तिथे.

"पप्पा, मस्त आहे हे! अजिबात हलत नाही. आणि हाताला गार लागतं."

"अगं, हे टेबल नाही. ह्याच्यावर तुझं टेबल होणार आहे."

"माहितीय. तोपर्यंत बसते."

तोपर्यंत तिची दहावी झाली. सविताने दोनदा बाजारातून टेबल आणायचं काढलं. दोन्ही वेळा आदिनाथ रुसून बसला. "आता होत आलंय, आणि तू भुसा आणतेस?" पुढे पुढे त्याला स्वतःचीच लाज वाटायची. पण लाज वाटली की तो पॉलिश पेपर हातात घ्यायचा, आणि चार हात मारले की जरा बरं वाटायचं.

ती अकरावीत असताना, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मशीन एकदाचं तयार झालं. नवी मोटर, नवा पट्टा, धारदार पाती. आदिनाथ बटण दाबणार तोच त्याची आई लीलाबाई कडाडली, "आरं थांब! आज खंडेनवमी. आज हत्याराची पूजा करायची आन् त्याला इसावा द्यायचा. आज चालवत्यात व्हय?"

आदिनाथ थांबला. एवढे दिवस थांबला होता, त्यात आणखी एक. लीलाबाईने मशीनला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि कुणाला काही कळायच्या आत नारळ त्या चकचकीत पाटाच्या कोपऱ्यावर हाणला. नारळ झकास फुटला. पाणी फटीतून थेट खाली, नव्या मोटरीत.

"लय चांगला फुटला," लीलाबाई समाधानाने म्हणाली. "शकुन चांगला हाय."

दसऱ्याच्या सकाळी आदिनाथने बटण दाबलं. धुप्प आवाज झाला, जळका वास आला आणि गेलेली वीज संध्याकाळी परतली. सविताने उठून खिडक्या उघडल्या. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं आदिनाथला वाटलं. त्याने पाती काढून ठेवली आणि सृष्टी पुन्हा स्टूल ओढून बसली.

जळालेली मोटर नवं वाइंडिंग भरून आली तेव्हा तिची बारावी सुरू झाली होती. आदिनाथने मोठ्या हौसेने फळ्या बाहेर काढल्या. ती वहीतून वर न बघता म्हणाली, "पप्पा, प्लीज. आता परीक्षा होईपर्यंत मी इथून हलणार नाही." टेबल करण्यासाठी पोरीला टेबलावरून उठवायचं, हे काही त्याला जमेना. फळ्या पुन्हा कपाटामागे गेल्या.

सृष्टी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि नागपूरला इंजिनिअरिंगला गेली. तिला हॉस्टेलवर सोडून आल्यानंतरच्या रविवारी आदिनाथ मशीनसमोर उभा राहिला. आता कुणी नको म्हणणारं नव्हतं. फटीत एक पेन्सिलीचा तुकडा राहिला होता, तो त्याने खिशात टाकला. मग त्याचं लक्ष पाटाकडे गेलं. जिथे ती कोपरं टेकवून बसायची तिथे घामाने गंजाचे दोन गोल डाग पडले होते. त्याला एकदम भडभडून आलं. एक साधं बाजारचं टेबल आणलं असतं, तर पोरीला एवढी वर्षं लोखंडावर कोपरं टेकून बसावं लागलं नसतं. आणि हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. सविता सांगतच होती.

इतक्यात फोन वाजला.

"पप्पा, इथलं टेबल केवढं हलतं! पायाखाली कागदाची घडी घातलीय. आपलं किती छान होतं."

"मी करून पाठवतो की! सागवानी. मशीन तयारच आहे. दोन रविवारांचं काम."

पलीकडे सृष्टी हसली, बापाला लागू नये अशा बेताने. "पप्पा, कोर्स चार वर्षांचाच आहे."

आदिनाथही हसला. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही. त्याने पॉलिश पेपर घेतला, पाट घासले आणि तेलाचं फडकं हातात घेतलं. लीलाबाई मागे येऊन उभी राहिली.

"आरं, हितं दोन डाग ऱ्हायलं की."

"राहू दे, आई."

"गंज हाय त्यो. वाढंल."

"वाढू दे," आदिनाथ म्हणाला आणि डागांच्या कडेकडेने फडकं फिरवत राहिला.