पाच राजांचं कुंपण

एका जंगलात, बाळांनो, माणसं अजिबात नव्हती. तरीही सरकार होतं. राजाचं नाव धिप्पाडराव. हा होता गवा. अंगाने डोंगर, मनाने लोणी. दुसरं कुणी रडलं की आधी याचं नाक वाहायला लागायचं.

त्या जंगलात एक मोठा डोह होता आणि एक जुनी रीत होती. तहानलेल्याच्या देखत कुणी पाणी प्यायचं नाही. आधी त्याला पाजायचं, मग आपण तोंड लावायचं. रीत मोडणारा वाळीत पडे, मग तो राजा का असेना.

एका वैशाखात पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला. तिकडची भेकरं जीव मुठीत धरून इकडे पळत आली. कुणाचे पाय भाजलेले, कुणाचं पिल्लू मागेच राहिलेलं. ती आटलेल्या ओढ्यापाशी, म्हणजे सीमेवर, थांबली आणि डोहाकडे बघत उभी राहिली.

झालं! सगळ्या जंगलाचं पाणी पिणं बंद पडलं.

धिप्पाडराव त्यांना बोलवायला निघालाच होता. पण दिवाण होती घोरपड, आणि घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही. तिने समजावलं, आज भेकरं आली, उद्या ससे येतील. शिवाय वणवा काय आपण लावला? शेजारच्या चार जंगलांची काही जबाबदारी आहे की नाही?

धिप्पाडरावाला ते पटलं. दुःख वाटून घेतलं की हलकं होतं, असं त्याची आई सांगायची.

मग शेजारचे राजे आले. अस्वलराजे, डुक्करराजे, सांबरराजे, तरसराजे. सगळे हळहळले. खरंच हळहळले हो, खोटं कशाला सांगू? प्रत्येकाचं जंगल मात्र नेमकं त्याच आठवड्यात भरलेलं होतं.

बराच खल झाला. शेवटी घोरपडीलाच सुचलं, की अडचण तहानेची नाहीच, दिसण्याची आहे. भेकरं दिसली नाहीत तर रीत मोडत नाही. मधे करवंदीच्या काट्यांचं कुंपण घालावं. जबाबदारी सर्वांची, तेव्हा पाचही राजांनी सारखा वाटा उचलावा.

काय तो एकोपा! ज्या तरसराजांनी जन्मात काडी हलवली नव्हती, तेही काटे ओढत होते. धिप्पाडरावही खाली मान घालून आपला वाटा रचत होता. पलीकडे एक भेकरीण पाडसाला चाटत होती. पाडस मान टाकून पडलं होतं. धिप्पाडरावाने ते पाहिलं, आणि घाईघाईने तिथे दोन काटे जास्त लावले.

कुंपण झालं. पाचही राजे डोहावर वाकले. तोंड लावणार, एवढ्यात कुंपणाखाली काहीतरी खसखसलं.

गव्याच्या आणि डुकराच्या वाट्यामधे वीतभर फट राहिली होती. याला वाटलं ती त्याची, त्याला वाटलं ती याची. तिच्यातून त्या पाडसाने मुंडकं आत घातलं होतं. जीभ बाहेर आलेली. आवाज नाही. नुसतं बघत होतं.

पाचही तोंडं पाण्यावर थबकली.

"ती फट बुजवा कुणीतरी," तरसराजे म्हणाले.

"आमच्या वाट्यात येत नाही," डुक्करराजे म्हणाले.

घोरपड राजाच्या कानाशी आली. "महाराज, डोळे मिटून प्या."

धिप्पाडरावाने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढेही पाडसच. त्याने डोळे उघडले.

"दिवाण," तो म्हणाला, "फट माझ्या वाट्यातली आहे."

सगळ्यांना हायसं वाटलं. आता हा फट बुजवणार. धिप्पाडराव कुंपणापाशी गेला, शिंगं खाली घातली आणि स्वतःचा सगळा वाटा उपटून बाजूला फेकला.

पाडस आधी प्यायलं. मग त्याची आई, मग बाकीची भेकरं. राजे सगळ्यात शेवटी प्यायले. डोह होता तेवढाच राहिला.

तोंडं पुसून चारही शेजाऱ्यांनी आपल्या सहकार्याबद्दल एकमेकांचं अभिनंदन केलं. घोरपडीने मात्र या गफलतीची चौकशी लावली. तिचा निष्कर्ष त्या जंगलातल्या पिल्लांना अजून पाठ करायला लावतात.

तात्पर्य: कुंपणाचं काम पाच जणांत वाटू नये, एकाच चोख ठेकेदाराला द्यावं. नाहीतर फटी राहतात, आणि मग तहानलेल्यांना पाणी पाजावं लागतं.