कर्टिस शुद्धीवर येईपर्यंत

डॉक्टर कर्टिस वेनराइट तिसऱ्यांदा कोमात गेला, त्या सोमवारी व्हर्ना टोलेफसन खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. पहिल्या खेपेला ती रडली होती. दुसऱ्या खेपेला तिनं मालिका काढणाऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं होतं. या खेपेला तिनं फक्त गुडघा चोळला आणि नवऱ्याला सांगितलं, "मिल्टन, कर्टिस पुन्हा पडला."

"कुठं पडला?" मिल्टननं वर्तमानपत्रामागून विचारलं.

"कोमात."

"अस्सं," मिल्टन म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

'विलो क्रॉसिंग' ही मालिका व्हर्ना चौतीस वर्षं बघत आली होती. रोज दुपारी दोन ते तीन. धाकट्याचा जन्म आणि सासऱ्यांचा अंत्यविधी एवढे दोनच दिवस चुकले, आणि त्यातला दुसरा तिला अजून खुपत होता. इतकी वर्षं काढल्यावर माणसाला मतं असणारच. व्हर्नाची होती, आणि ती ऐकायला घरात एकटा मिल्टनच होता, म्हणजे तसं कुणीच नव्हतं.

पूर्वी मालिकेत कसं होतं, दोन बायका स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसायच्या आणि अख्खा भाग बोलत राहायच्या. दार जोरात लावलं की भिंत हलायची, नट वाक्य विसरला की समोरची बाई सांभाळून घ्यायची. मागं ऑर्गन वाजायचा. कोमा म्हणजे चांगला चार-चार महिने चालायचा, बायको उशाशी बसून असायची, नर्स खालमानेनं ये-जा करायच्या. त्याला काही मान होता. आता काय, नटाला सुट्टी हवी झाली की दोन आठवड्यांचा कोमा. पाच वर्षांचं पोर जिना चढून खोलीत जातं ते उन्हाळ्यात अठरा वर्षांचं होऊन खाली येतं. कुणाला जुळा भाऊ निघतो, कुणाचं बेट निघतं. व्हर्नाला या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला होता. बघायचं सोडावं असं मात्र तिच्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारी ती केस सेट करायला गेली. आयोवातल्या त्या गावात बायकांचं केस सेट करायचं दुकान एकच, त्यात ड्रायर तीन. व्हर्ना एकाखाली बसली होती, शेजारी अर्डिथ नटसन. अर्डिथ म्हणजे लूथरन चर्चच्या प्रार्थना साखळीची पहिली कडी. गावात कुणी आजारी पडलं की ती पहिला फोन करायची, मग ती बाई दुसरीला, दुसरी तिसरीला. अर्ध्या तासात सगळं चर्च त्या माणसासाठी प्रार्थना करू लागायचं. दिवसाढवळ्या टीव्ही बघणाऱ्या बायकांबद्दल अर्डिथचं मत सगळ्यांना ठाऊक होतं. ती वेळ इस्त्रीची, असं ती म्हणायची.

"कशी आहेस गं?" अर्डिथनं विचारलं.

"काय सांगू, दमले," व्हर्ना म्हणाली. "कर्टिस पुन्हा कोमात गेलाय. बायको धड उशाशीही बसत नाही, त्याच्या भावाबरोबर हिंडते. त्या पोराचं नशीबच फुटकं. मी तर हात टेकले."

व्हर्ना त्या सगळ्यांबद्दल नेहमी अशीच बोलायची, घरच्या माणसांबद्दल बोलावं तशी. अर्डिथनं व्हर्नाच्या हातावर हात ठेवला, असं तिनं चौदा वर्षांत केलं नव्हतं.

बुधवारी सकाळी चर्चमधल्या एकीकडून पहिलं कॅसरोल आलं, कुणाकडे आजारपण असलं की पाठवतात तसं. टुना मासा, नूडल्स आणि डब्यातलं मशरूमचं सूप, वरून बटाट्याच्या चिप्सचा चुरा. काचेच्या भांड्याखाली पट्टी चिकटवून मालकिणीचं नाव लिहिलेलं. व्हर्नाला वाटलं, आपल्या गुडघ्यासाठी असेल. तिनं आभार मानले आणि मिल्टननं दुपारीच निम्मं फस्त केलं. दुसरं कॅसरोल चारला आलं, त्याच्याबरोबर कार्ड होतं. 'कर्टिससाठी आम्ही सगळ्या प्रार्थना करतो आहोत.'

व्हर्ना मटकन खुर्चीत बसली.

"मिल्टन, या बायकांनी कर्टिसला प्रार्थनेच्या यादीत घातलंय."

"मग सांगून टाक ना."

"काय सांगू? तू अर्धं खाल्लंयस."

मिल्टननं भांड्याकडे बघितलं. खाल्लं होतं हे खरंच होतं. "उरलेलं परत कर," तो म्हणाला, पण चमचा काही त्यानं खाली ठेवला नाही.

व्हर्नानं ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी पास्टर हॉल्वर्सन स्वतः दारात उभे. तरुण माणूस, गावात येऊन सातच महिने झालेले, हातात छोटी वही.

"व्हर्नाबाई, हा कर्टिस तुमचा कोण?"

"चौतीस वर्षांची ओळख आहे," व्हर्ना म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

"आणि इस्पितळ कुठलं? मी जाऊन भेटेन म्हणतो."

"लांब आहे, पास्टर. तिकडं पूर्वेला कुठंतरी. तुम्हाला आत सोडायचे नाहीत."

"फारच नाजूक दिसतंय," पास्टर म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर व्हर्नाला घाम फुटला. बासष्ट सालापासून ती त्या चर्चची सभासद होती. वेदीवरची पांढरी कापडं धुऊन इस्त्री करायचं काम तिच्याकडे होतं. त्याच चर्चमध्ये आता देवापुढं मालिकेतल्या एका डॉक्टरसाठी मेणबत्ती लागणार होती. हे बाहेर आलं तर लोक हसतील हे एक. पण व्हर्ना टोलेफसन चर्चमध्ये खोटं बोलली असं गावात झालं तर तिनं तोंड कुठं दाखवायचं? कापडं धुवायलासुद्धा कुणी दिली नसती तिला.

रविवारी यादी वाचली गेली. हेन्ड्रिकसनची कंबर, शाळेच्या शिपायाचा मुतखडा आणि 'व्हर्नाचा कर्टिस'. सगळं चर्च माना खाली घालून होतं. व्हर्नाही मान खाली घालून होती, पण ती देवाला दुसरंच काही सांगत होती.

पुढचा आठवडा आणखी वाईट गेला. सोमवारी एक कॅसरोल, मंगळवारी दोन. फ्रीज भरला, मग गॅरेजमधला जुना फ्रीज भरला. मिल्टनचा पट्टा एक भोक पुढं सरकला आणि तो पहिल्यांदाच मालिकेबद्दल आपणहून विचारू लागला. "आज कसा आहे कर्टिस? बरा होणार नाही ना इतक्यात?"

त्यात अर्डिथ रोज फोन करायची, बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी, चर्चच्या ऑफिसातून.

"काय म्हणतो कर्टिस?"

"तसाच आहे."

"तसाच म्हणजे? बोट हलवलं का? डोळे? बायको आली होती का बघायला?"

"अर्डिथ, तुला एवढं कशाला?"

"प्रार्थनेला तपशील लागतो," अर्डिथ म्हणायची. "मोघम प्रार्थना कोण ऐकतं? भाऊ अजून तिथंच आहे का?"

मग व्हर्ना सांगायची. नाइलाजानं सुरू करायची आणि दहा मिनिटांनी लक्षात यायचं, की आपण खुर्ची ओढून बसलोय. मग फोन ठेवताना स्वतःचीच चीड यायची.

आता एकच मार्ग उरला होता. कर्टिस शुद्धीवर यायला हवा. चौतीस वर्षांचा अनुभव होता. व्हर्नानं हिशेब मांडला. मोठं काही घडतं ते शुक्रवारी, म्हणजे लोकांनी शनिवार-रविवार तळमळत काढावा. शुक्रवारी तो डोळे उघडेल, ती अर्डिथला कळवेल, यादीतलं नाव जाईल आणि संपलं. गुरुवारी संध्याकाळी तिनं अर्डिथला सांगूनही टाकलं, "मला वाटतं उद्या शुद्धीवर येईल."

शुक्रवारी दोन पन्नासला इस्पितळाच्या त्या मजल्यावर स्फोट झाला. धूर, किंचाळ्या, पळापळ. बायको भावाच्या गळ्यात पडली आणि भाग संपला.

व्हर्ना पडद्याकडे बघत राहिली. हे लिहिणारे लोक कुठल्या घरात वाढले असतील, असं तिच्या मनात आलं. मग फोन वाजला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आला का शुद्धीवर?"

व्हर्ना इतकी दमली होती, की तिनं विचारच केला नाही. एकदाचं मिटवून टाकावं एवढंच मनात होतं. "गेला तो, अर्डिथ," ती म्हणाली.

अर्डिथ घोगऱ्या आवाजात म्हणाली, "उद्या अकराला चर्चमध्ये जेवण ठेवू. हॅम मी आणते. तू काही करू नकोस." आणि फोन बंद.

खरंच की. व्हर्नानं कपाळावर हात मारला. कुणी गेलं की चर्चच्या तळघरात बायका जेवण रांधतात, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. स्वतः व्हर्नानं आजवर शंभरेक जणांसाठी पाव कापले होते. आजारपण फोनवर निभावलं, पण मेलेल्या माणसाला प्रार्थना लागते, नाव लागतं, पहिल्या बाकावर बसायला माणसं लागतात.

"आता काय करशील?" मिल्टननं विचारलं.

"सांगणार. सगळ्यांसमोर. मग जे व्हायचं ते होऊ दे."

"जेवणानंतर सांग," मिल्टन म्हणाला. व्हर्नानं त्याच्याकडे असं बघितलं, की तो गॅरेजात निघून गेला.

शनिवारी नऊ वाजता ती एक-एक पायरी धरत चर्चच्या तळघरात उतरली. स्वयंपाकघरात सहाजणी होत्या. एक पावाला लोणी लावत होती, एक बटाट्यांवर चीज किसत होती, अर्डिथ हॅमचे काप काढत होती. व्हर्नाला बघून सगळ्या थांबल्या आणि एकीनं खुर्ची पुढं केली.

व्हर्ना बसली नाही. "मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी फार केलं, आणि मी तुम्हाला फसवलं. कर्टिस खरा माणूस नाही. मालिकेतला आहे. दुपारी दोनच्या. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, माझी जीभच उचलली नाही. वेदीची कापडं उद्यापासून दुसरीला द्या, मी काही म्हणणार नाही."

व्हर्नाचे डोळे भरून आले होते आणि गुडघा ठणकत होता.

अर्डिथनं हॅमचा आणखी एक काप काढला, तो नीट ताटात ठेवला आणि वर न बघता विचारलं, "प्रेत दाखवलं का?"

"काय?"

"प्रेत गं. कर्टिसचं. दाखवलं का?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "नुसता धूर."

"मग कुठला मेलाय तो," अर्डिथ म्हणाली. "प्रेत दाखवल्याशिवाय तिथं कुणी मरतं का? जहाज बुडालं तेव्हा सात महिन्यांनी आला होता, दाढी वाढवून."

"नऊ," लोणी लावणारी हळूच म्हणाली आणि लाल झाली.

व्हर्ना आता खुर्चीत बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"अख्खी एकोणतीस वर्षं बघत आलेय," अर्डिथ म्हणाली. सुरी तिनं बाजूला ठेवली. "जानेवारीपासून मला दुपारचं इथलं ऑफिस दिलंय. इथं टीव्ही आहे का? आठ महिने झाले, त्या घरात काय चाललंय मला पत्ता नाही. आणि विचारू कुणाला, सगळीकडे इस्त्रीचं सांगून बसलेली मी. ड्रायरखाली तू म्हणालीस कर्टिस कोमात, तर पुढचं ऐकायची ओढ लागली. राहवलं नाही मला. घरी जाऊन फोन फिरवला. यादीत नाव असलं की रोज तुला विचारायला निमित्त मिळतं."

"आणि तुम्ही सगळ्या?" व्हर्नानं बाकीच्यांकडे बघितलं.

"आम्हाला अर्डिथचा फोन आला," चीजवाली म्हणाली. "कर्टिस कोण म्हणून विचारलं असतं तर खोटं झालं असतं, आणि ओळखते म्हटलं असतं तर मी बघते हे कळलं असतं. त्यापेक्षा कॅसरोल केलं."

"मीही," लोणीवाली म्हणाली. "आणि प्रार्थना अगदी मनापासून केली हं मी. फोन आला तेव्हाही आणि रविवारीही."

व्हर्नाला हसावं की रडावं कळेना. चौतीस वर्षं ती मिल्टनशी बोलत होती, आणि इथं सहाजणी सहा घरांत दारं लावून बसल्या होत्या. तिनं रुमालानं डोळे पुसले आणि विचारलं, "भावाचं काय वाटतं तुम्हाला? त्यानंच केलं ना ते?"

मग कुणाचंच कामात लक्ष राहिलं नाही. सहाही जणी एकदम बोलू लागल्या. भाऊ पहिल्यापासून आतल्या गाठीचा होता, बायकोचं काम करणारी आधीची नटी बरी होती, आताचीला धड रडतासुद्धा येत नाही. कॉफी झाली, पाव तसेच राहिले.

अकराला पाच कमी असताना पास्टर हॉल्वर्सन काळा झगा घालून खाली आले. वही उघडून ते दारातच अदबीनं उभे राहिले.

"अर्डिथबाई, वर बाकावर कुणीच नाही. कर्टिसच्या घरची माणसं किती वाजता येतील?"

अर्डिथनं एप्रनला हात पुसले, बाकीच्या सहाजणींवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "आलीत, पास्टर. आम्हीच."