एक जूनवाले सोनकांबळे काका

आमच्या ऑफिसातल्या सोनकांबळे काकांना कुणी तारीख सांगितली, की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "ही तारीख हाय, का नुसतं लिहिलेलं हाय?" लग्नपत्रिका असो, दुधाची पिशवी असो, सुटका नाही. एकदा गोळ्यांच्या पाकिटावरून त्यांनी मेडिकलवाल्यालाही हेच विचारलं. तो बिचारा म्हणाला, "काका, छापलेलं हाय की." काका म्हणाले, "तेच म्हणून राहिलो मी. छापायला काय, कायबी छापता येतंय."

मी नांदेडच्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसते, काकांच्या शेजारच्या टेबलावर. संस्थेच्या शाळांतल्या सगळ्या नोकरदारांची माहिती आम्ही दोघं सांभाळतो. काका मूळचे जळकोटकडचे. बायको गेल्यापासून एकटेच राहतात, मुलगा पुण्यात. घरी बोलायला कुणी नाही म्हणून असेल, दिवसभर माझं डोकं खातात.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. कॉम्प्युटरच्या लेखी तारीख वेगळी आणि तारखेसारखी दिसणारी अक्षरं वेगळी. नुसती अक्षरं ठेवली तर दहा तारीख, एकच्या आकड्यानं सुरू होते म्हणून, दोन तारखेच्या आधी जाऊन बसते. म्हणून क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरकडे माहिती मागायची आज्ञा, लिहिताना अक्षरांची तारीख करावी लागते, आणि करताना त्यातला दिवस कोणता, महिना कोणता, हे सांगावं लागतं. "न्हाई सांगितलं तर ते आपल्या मनानं घेतंय," काका बजावतात. "नव्या माणसाला सैपाकघरात साखर कुठं, मीठ कुठं दाखवलं न्हाई, की चहात मीठ पडलंच म्हणून समज."

आता आमच्याकडची गंमत. पूर्वी जन्मतारीख कोण लिहून ठेवत होतं? पोरगं शाळेत आलं, की गुरुजी अंदाजानं एक जून टाकून मोकळे. त्यामुळे संस्थेत जिकडे बघावं तिकडे एक जूनवाले. दरवर्षी त्या दिवशी एक मोठा केक येतो आणि सुरी धरायला ही झुंबड! काकाही एक जूनवालेच. पण केक आला, की त्यांचं नेमकं बँकेत काम निघतं.

यंदा डिसेंबरात नवं सॉफ्टवेअर आलं आणि रिटायर होणाऱ्यांची यादी निघाली. बघते तर काय, मेअखेर जाणारे सगळे एक जूनवाले जानेवारीअखेरच घरी! पंधरा ऑगस्टला जन्मलेले एक सर तर यादीतून गायब, कारण पंधरावा महिना सॉफ्टवेअर आणणार कुठून? शाळेतल्या शिपाई कौसल्याबाई रडतच कचेरीत आल्या. "ताई, मेपर्यंत म्हणले होते की. आताच हाकलून राहिले का मला?"

यादीत काकांचंही नाव होतं. मला वाटलं, आता हे ऑफिस डोक्यावर घेणार. कसलं काय! त्यांनी आपली तारीख वाचली, चष्मा जागचा हलला नाही. खण उघडून सामान पिशवीत भरायला लागले.

"काका, अहो, विचारा की नेहमीचं!" मी चिडलेच. "एक जूनचं सहा जानेवारी केलंय त्यानं. दिवसाचा महिना न् महिन्याचा दिवस."

"बघितल्या बघितल्या कळलं मला."

"मग गप्प का बसलात?"

काका पिशवीकडे बघत बोलले. "माय सांगायची, तुरी काढायला गेल्ते आन तिथंच बांधावर तू झालास. जूनमधी तुरी असतेत का? पोरगं आधार कार्डावरची तारीख बघून एक जूनला फोन करतंय, मी थँक्यू म्हणतो. माय गेली, आता तुरीचं कुणाला ठावं न्हाई. पयल्यांदाच कुणीतरी थंडीतली तारीख दिली बघ मला. चुकून का हुईना. तीच धरून जावं म्हणलं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "तुमची एकट्याची ठेवू का तशीच?"

"ह्यॅ! आपल्यासाठी क्वेरी खोटी लिहू का मी?"

बाकावर कौसल्याबाई पदरानं नाक पुसत बसल्या होत्या. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि कीबोर्ड ओढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे एक जूनवाले परत जूनमध्ये. पंधरा ऑगस्टवाले सरही सापडले. "जा बाई घरी," काका कौसल्याबाईंना म्हणाले, "मेपर्यंत हाय तुमची नौकरी." मग स्वतःच्या नावासमोरचा एक जून त्यांनी जरा वेळ बघितला आणि स्क्रीन बंद केली.

सहा जानेवारीला मी घरून डबा नेला. बाजरीची भाकरी आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी. काकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

त्यांनी झाकण काढलं, वास घेतला. चष्मा कपाळावर चढला.

"ही तारीख हाय, का नुसतं..."

"तारीख हाय," मी म्हणाले. "जेवा आता, आमटी गार व्हायलीय."