गुरुजींनी निवडलेला फुकट नंबर

मुलांनो, जरा समजा, तुमच्याकडे एक टेलिफोन नंबर आहे. एकदा ऐकला की जन्मात विसरणार नाही असा! झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल, ताप चढला असला तरी सांगता येईल. समजलंत? आता हेही समजा, की तो नंबर निवडणारा माणूस फार हुशार होता. तो माणूस म्हणजे मी!

आमच्या रिहे गावात माझी पुतणी स्नेहल इंद्रायणी तांदूळ विकते. घरच्या खाचरातला भात भरडून आणते, पिशव्या भरते आणि हिंजवडीकडच्या सोसायट्यांत पोचवते. तिने धंद्यासाठी टोल फ्री नंबर घ्यायचं ठरवलं. म्हणजे फोन करणाऱ्याला फुकट, बिल स्नेहलला! कंपनीने चार-पाच नंबर पुढे ठेवले.

"तात्या, ह्यो बरा दिसतोय. शून्यं लई हायेत."

"दिसायला तो काय नवरदेव आहे? लक्षात राहिला पाहिजे! हा बघ. अठराशेच्या पुढे सरळ पाढाच आहे!"

कुठला पाढा, ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्हीही लगेच फोन लावाल.

मी जन्मभर पाढे शिकवलेला मास्तर. नुसता नंबर निवडून गप्प बसेन? संध्याकाळी देवळात मुलांचा अभ्यास घेतो, तिथे टाळ्या वाजवून तो म्हणून घेतला. मुलांनी घरी म्हटला, घरच्यांनी बांधावर म्हटला. शेवटी गेणबाची म्हैससुद्धा त्याच ठेक्यात रवंथ करते, असं मला वाटायला लागलं!

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. म्हाताऱ्या माणसांकडे बटणांचे फोन, त्यात रिचार्ज कमीत कमी, आणि सगळा संसार मिसकॉलवर. एक मिसकॉल म्हणजे 'जेवायला या', दोन म्हणजे 'मोटार बंद करा'. अशा गावाला मी फुकटचा नंबर तोंडपाठ करून दिला!

सगळे फोन वाजायचे ते स्नेहलच्या मोबाइलवर.

"पारू बोलतीया. आमच्या दत्ताला हाक मार की. आत्ता तुझ्या दारावरनंच जाईल त्यो."

"आत्या, ह्यो तांदळाचा नंबर हाय!"

"म्हाईत हाय गं. तांदूळ हाय आमच्याकडं. तू दत्ताला हाक मार!"

कान्हूने घोटावड्याची एसटी गेली का, ते विचारलं. साळूबाईला तर काहीच नको होतं. "करमत न्हवतं बाई," म्हणाली, आणि सुनेच्या तक्रारी पहिल्यापासून सांगायला बसली.

इथवर हसण्यावारी गेलं. पण मग जवळच्या चांदे गावातल्या एका मोठ्या सोसायटीतून निरोप आला. तिथल्या साधनाबाई सगळ्या घरांसाठी एकदम तांदूळ घेणार होत्या. निरोप वॉचमनने आणलेला, बाईंचा नंबर काही त्याच्याकडे नव्हता. "मॅडम रविवारी बाराच्या आत फोन करतील. नाही लागला तर दुसरीकडून घेतील," एवढंच तो म्हणाला. स्नेहलच्या घरी पिशव्यांची थप्पी आढ्याला लागली होती. ही ऑर्डर गेली, तर त्या तांदळात किडे घरच करणार होते!

रविवार उजाडला. मला घरी बसवेना. नंबर नीट लागतो का, ते पाहावं म्हणून मीच तो लावला. लागला की!

"बघ स्नेहल, लागतोय! उगीच घाबरत होतीस."

"तात्या, ठेवा!"

"ठेवतो. पण हा नंबर लक्षात का राहतो, ते आधी ऐक. माणसाची स्मरणशक्ती ही..."

"तात्या, लाइन तुमीच अडवून बसलाय!"

स्मरणशक्तीचा धडा तिथेच अर्धवट राहिला. चपला अडकवल्या आणि मी तिच्या घरी धावलो.

स्नेहल फोन हातात धरून रडकुंडीला आली होती. फोन वाजला. कान्हू! ठेवला, पुन्हा वाजला. पारू! घड्याळाचा काटा तर बाराकडे असा पळत होता, जणू त्याचीच एसटी चुकणार होती.

इतक्यात स्नेहलची वैष्णवी पुढे आली. तिसरीतली पोर. तिने आईच्या हातातून फोन घेतला.

"पारूआज्जी, तुमच्यासाठी येगळा नंबर काढलाय. ऐका." आणि तिने एक-एक आकडा खणखणीत सांगितला. पुढच्याला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

माझी छाती फुगली. काय ते उच्चार! शेवटी विद्यार्थिनी कुणाची?

हळूहळू फोन थंडावला. मग एकदाच वाजला, तो साधनाबाईंचा! "अहो, केव्हाची लावतेय! सारखा एंगेज! घ्या, किती पिशव्या ते लिहून घ्या."

स्नेहल लिहिता लिहिता हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

"वैष्णवी," फोन ठेवल्यावर मी कौतुकाने विचारलं, "सगळ्यांना नंबर दिलास तरी कुणाचा?"

तेवढ्यात माझा खिसा वाजला. मी उचलेपर्यंत थांबला. कान्हू! परत वाजला, परत थांबला. पारू! मग साळूबाई!

मी वैष्णवीकडे पाहिलं. ती आईच्या फोनवर आणखी कुणाला तरी समजावत होती, "पैसं पडत न्हाईत, मावशी. तुमी निस्ता मिसकॉल द्या. आजोबा उलटा फोन करत्यात!"