ग्रहणातली वांगी

ग्रहण लागलं की घाटंजीजवळचं आमचं गाव दारं लावून बसतं आणि आमचे नामदेवभाऊजी अंगणात पावशी, म्हणजे आमची विळी, मांडून वांगी चिरतात. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. कोणी टोकलं तर उत्तर ठरलेलं, "सूर्याले वांग्याशी काय घेणं?"

हे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणत, "बैल सांभाळू का बायको?" सासूबाई होत्या तेव्हा ग्रहणभर ओसरीच्या खांबाला टेकून उपाशी बसत, आणि हे मुद्दाम त्यांच्यासमोर चिरत. मला वाटे, काय छळवादी लेक आहे. मी तेव्हा मोठी शहाणी. पोटुशी असताना ग्रहणभर काडीसारखी ताठ पडून राहिले, कूस बदलली तर पोर वाकडं निघेल म्हणून. पोर सरळ निघालं, कंबर माझी वाकडी झाली.

सून पल्लवी गरोदर असताना ग्रहण आलं. भाऊजींनी तिला शेजारी बसवलं. "चीर पोरी, काही होत नाही."

नातू झाला, आणि त्याच्या अंडकोषात एक गोटी उतरलेलीच नाही असं निघालं. सहा महिने वाट पाहिली. मग यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आपोआप उतरायची नाही, वर्षाच्या आत ऑपरेशन करू. पल्लवीची आई फोनवर म्हणाली, "ग्रहणात चिरलं, आता भोग." भाऊजींनी ते ऐकलं. तेव्हापासून माणूस अर्ध्या जेवणावरून उठू लागला.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर ते खांद्यावरचा दुपट्टा पिळत बसले होते.

"वहिनी, तिले मीच बसवलं होतं."

मला एरवी कशावरही थट्टा सुचते. त्या दिवशी मी त्यांच्या हातातला दुपट्टा सोडवून सरळ केला.

दार उघडलं. "झालं. गोटी जागेवर बसवली. बाळ छान आहे," बाई म्हणाल्या. पल्लवी आत धावली. भाऊजी मात्र बाईंच्या वाटेत उभे.

"हे कायनं होते बाई? खरं सांगजा. ग्रहणानं?"

"नाही हो काका. गर्भात या गोट्या बाळाच्या पोटात वर असतात. त्या स्वतःच हार्मोन तयार करतात आणि त्याच्या जोरावर खाली उतरतात. कधी जोर कमी पडतो, कधी वाटेत अडकतात."

"आईची चूक नाही?"

"अजिबात नाही."

"अजून एकडाव सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. भाऊजी बाकावर बसले.

"माह्या दोन्ही वरच राह्यल्या, वहिनी. तवा कोण डॉक्टर पाह्यते? माय म्हणे, तू पोटात असताना मीनं ग्रहणात वांगं चिरलं. मरेपर्यंत तेच म्हणत राह्यली."

पुढच्या ग्रहणाला मी माझी पावशी घेऊन अंगणात गेले.

"तुमी, वहिनी?"

"सरका तिकडं. सगळी वांगी तुम्हीच चिरणार का?"

ते सरकले, पण तोंड फिरवलं नाही. ओसरीवरच्या सासूबाईंच्या त्या रिकाम्या खांबाकडे बघतच चिरत राहिले.