आधी तुम्ही घ्या

तिकिटाची खिडकी बंद होती. काचेआड पडदा ओढलेला, काचेवर एक पाटी, आणि पाटीवरचं अक्षर न् अक्षर दोघींनाही परकं. उरलं ते कोपऱ्यातलं यंत्र.

कडेवर झोपलेली छकुली सावरत सुनेने त्याच्याकडे पाहिलं. नणंदेचे दिवस भरले होते. जावई बोटीवर नोकरीला, सध्या कुठल्याशा समुद्रात. परमुलखात पोरगी एकटी. ही गाडी चुकली तर दुसरी थेट उद्या.

"दाबू का आई काहीतरी?"

"काहीतरी कशाला दाबतेस? भलत्याच गावाला जाऊन पडू. आधी लोकं कशी काढतात ते बघू."

सासूबाईंचा हा खाक्याच होता. साधी चादर घ्यायची तरी त्या आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाची खरेदी शेवटपर्यंत बघायच्या. त्या यंत्राला खेटून उभ्या राहिल्या आणि मागच्या माणसाला हाताने खूण केली, ‘आधी तुम्ही घ्या.’ मग त्याच्या मागच्या बाईला. मग तिच्या मागच्याला.

"समजलं," मान लांब करून बघत त्या म्हणाल्या. "आधी खालचं हिरवं, मग गाव, मग माणसं किती ते, मग कार्ड."

"मग आपलं काढू या ना!"

"थांब गं, अजून एकदा बघते."

एवढ्यात एक म्हातारा प्रवासी बॅग ओढत आला. तोही बाहेरचाच असावा. त्याने दोनदा चुकीचं बटण दाबलं आणि दोन्ही वेळा यंत्राच्या पडद्यावर पुन्हा पहिलंच चित्र आलं. सासूबाईंना राहवेना. "अहो, असं नाही! हिरवं दाबा, हिरवं!" अस्सल मराठीत एवढं सुनावून त्यांनीच ते दाबलं. म्हाताऱ्याने चिठ्ठीवरचं गावाचं नाव दाखवलं. सासूबाई त्या परक्या अक्षरांचे आकार जुळवत पडद्यावर बोट फिरवू लागल्या. "तंबू, दोन मडकी, शेवटी गळ. हे बघा तुमचं गाव!" खरर्र करून तिकीट बाहेर आलं.

घरी मोबाइलचा आवाज कमी करायलासुद्धा सुनेला हाक मारणारी ही बाई! सून बघतच राहिली.

पण बघणारी ती एकटी नव्हती. सासूबाईंच्या अंगात मुलाचा जुना निळा कोट, त्याला पितळी बटणं, गळ्यात पासपोर्टची पिशवी. अशी बाई यंत्राशेजारी उभी राहून लोकांना पुढे बोलावतेय म्हटल्यावर लोकांनी समजायचं ते समजलं. बघता बघता सासूबाईंसमोर रांग लागली.

"आई, आपलं तिकीट!"

"अगं, ही पोरगी बिचारी किती ताटकळलीय. हिचं होऊ दे." आणि रांगेकडे वळून, "ए दादा, घुसू नकोस, दिसतंय मला!" दादा निमूट मागे गेला.

तेवढ्यात सुनेचा फोन थरथरला. नणंदेचा निरोप होता: ‘कळा सुरू झाल्या. दवाखान्यात निघालेय. आई येतेय ना?’

सुनेने तो वाचून दाखवताच सासूबाई यंत्राकडे वळल्या. "सरा, सरा सगळे!" हिरवं दाबलं, गाव दाबलं, दोन माणसं दाबली, कार्ड लावलं. यंत्राने एक केविलवाणा सूर काढला आणि पडद्यावर लाल चौकोन उमटला. खाली कागद सरकेना.

"अग बाई! कागद संपला की काय याचा?"

"तुम्हीच संपवलात, आई!"

फलाटावर शिट्टी झाली. आयुष्यात बसमध्येही कधी फुकट न बसलेल्या सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "चल, चढू या."

"विनातिकीट? पकडलं म्हणजे?"

"पकडू देत. पोरीला भेटते आधी, मग खुशाल आत घाला म्हणावं."

डब्यात शिरतात तोच मघाची सगळी गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. म्हाताऱ्याने खिडकीची जागा दिली आणि अदबीने आपलं तिकीट पुढे केलं. मागोमाग रांगेतल्या त्या पोरीने, मग दादाने. सासूबाईंना काय करावं सुचेना. त्यांनी एकेक तिकीट उलटसुलट बघितलं, मान डोलावली आणि परत दिलं. सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यात खरा तपासनीस आला. लोक त्याला मोठ्या खुशीने सासूबाईंकडे बोट करून दाखवू लागले: झालं की, बाईंनी तपासलं!

तो समोर येऊन उभा राहिला. सासूबाईंनी गावाचं नाव लिहिलेला कागद पुढे केला, दोन बोटं वर केली आणि मनगटं जुळवून हात पुढे धरले. तपासनीस त्या हातांकडे गोंधळून बघत राहिला. मग त्याने कमरेचं छोटं यंत्र काढलं, दोन बटणं दाबली, कार्ड लावून घेतलं आणि दोन तिकिटं त्याच हातांत ठेवून पुढे गेला.

"आई," सून तिकिटं निरखत म्हणाली, "इथे गाडीतच तिकीट मिळतं."

"तरीच खिडकी बंद होती," सासूबाई म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "त्या रांगेतल्यांना सांगू नकोस हं. बरे खुशीत आहेत."

पुन्हा फोन वाजला. नणंदच होती. सुनेने तो कानाला लावला, ऐकलं आणि पहिल्यांदाच हसली.

"काय म्हणते?"

"डॉक्टर म्हणतात, अजून पुष्कळ अवकाश आहे. घाई करू नका, सावकाश या."

"सावकाश?" सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला. "हे बघ, तुझ्यापायी मी आज तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आलेय. आता तू अजिबात सावकाश घ्यायचं नाहीस!"